पीपीपीडीचे ठरलेले फाईल-मार्ग : काय हलवावे आणि काय जागच्या जागी ठेवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरहून साधारण ७० किलोमीटरवर, नर्मदाकाठच्या एका पंपघरात लिनक्सवर चालणारी लहानशी पेटी बसवलेली आहे. तिच्या सीरियल पोर्टला जीएसएम मोडेम जोडलेला असून पीपीपीडी हा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) डायल करून इंटरनेटची जोडणी उभारतो. वीज वारंवार जात असल्यामुळे मेमरी कार्ड बिघडू नये म्हणून मूळ विभाग फक्त-वाचनीय ठेवलेला आहे आणि लिहिण्यासाठी /डेटा हा वेगळा विभाग आहे. जोडणी होते, आयपी पत्त्यावर पिंगही जातो. पण नावावरून पत्ता सापडत नाही, आणि डायल फसले तर त्याची कारणे कुठेच नोंदली जात नाहीत. म्हणून प्रश्नकर्त्यांना पीपीपीडीचे सगळे ठरलेले मार्ग /ईटीसी/पीपीपी वरून /डेटा/पीपीपी वर न्यायचे आहेत आणि ते कोणत्या सेटिंगने करावे असे त्यांनी विचारले आहे.

आधी लेखनाविषयी एक सूचना. फाईलींची आणि पर्यायांची नावे मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. यंत्रावर ती अर्थातच रोमन लिपीत, नेहमीच्या स्पेलिंगनेच टंकायची आहेत.

सर्व मार्ग एकदम बदलणारे असे कोणतेही सेटिंग पीपीपीडीमध्ये नाही, आणि ते नाही हे योग्यच आहे. आपल्या दोन्ही तक्रारी मात्र दोन-तीन सिम्लिंकांनी (दुसऱ्या फाईलीकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यांनी) सुटण्यासारख्या आहेत. पुन्हा कंपाईल करण्याची (मूळ संकेतातून प्रोग्राम नव्याने बांधण्याची) गरज नाही आणि /डेटा वर तर यातले जवळजवळ काहीच नेऊ नये. असे का, हे समजण्यासाठी हे मार्ग कोठून येतात ते पाहावे लागेल.

पीपीपीडीच्या मूळ संकेतात पाथनेम्स.एच नावाची एक छोटी हेडर फाईल आहे. ऑप्शन्स, पॅप-सीक्रेट्स आणि चॅप-सीक्रेट्स (या दोन्हींत पासवर्ड असतात), आयपी-अप, आयपी-डाउन, ऑथ-अप, ऑथ-डाउन, पीअर्स ही डिरेक्टरी, कनेक्ट-एरर्स, रिझॉल्व्ह.कॉन्फ अशा प्रत्येक गोष्टीचा मार्ग तेथे एकेका मॅक्रोने (संकेतातल्या ठरीव नावाने) बांधलेला आहे. कंपाईल करताना हे मार्ग थेट बायनरीत (चालवायच्या तयार फाईलीत) उतरतात. चालू असताना ते बदलण्याची सोय नाही याचे कारण आळस नव्हे. पीपीपीडी हा अनेक ठिकाणी सेटयूआयडी-रूट असतो, म्हणजे साध्या वापरकर्त्याने चालवला तरी तो रूटच्या, म्हणजे यंत्रावरील सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने काम करतो. डेबियन या लिनक्स वितरणात तो रूटच्या मालकीचा, डिप या गटाचा आणि त्या गटालाच चालवता येईल असा ठेवलेला असतो. जोडणी झाली की तो आयपी-अप ही स्क्रिप्ट रूट म्हणून चालवतो. आता कल्पना करा की या स्क्रिप्टचा मार्ग वापरकर्त्याला कमांड लाईनवरून सांगता आला असता, तर डायल करण्याची परवानगी असलेल्या कोणालाही रूटच्या नावाने हवी ती आज्ञा चालवता आली असती. नव्या आवृत्त्यांत आयपी-अप-स्क्रिप्ट आणि आयपी-डाउन-स्क्रिप्ट असे पर्याय आलेले आहेत हे खरे, पण ते विशेषाधिकाराचे आहेत. रूटने किंवा रूटच्या फाईलीने दिले तरच ते मानले जातात.

हेच तत्त्व इतरत्रही दिसते. कॉल या पर्यायाने पीअर्स डिरेक्टरीतली फाईल वाचली जाते आणि तिच्यात नोऑथसारखे (समोरच्याची ओळख न तपासण्याचे) विशेषाधिकाराचे पर्याय चालतात, मग आज्ञा देणारा साधा वापरकर्ता का असेना. म्हणूनच कॉलला दिलेले नाव तिरप्या रेघेने सुरू होता कामा नये आणि त्यात दोन टिंबांचा घटक असता कामा नये, असे बंधन आहे. याउलट फाईल या पर्यायाने कोणतीही फाईल देता येते, पण ती आज्ञा देणाऱ्याला स्वतःला वाचता आली पाहिजे आणि तिच्यातल्या पर्यायांना त्याच्याइतकाच अधिकार मिळतो.

आता आपल्या बेताकडे येऊ. /डेटा हा विभाग लिहिण्याजोगा आहे आणि त्यावर मोजमापाचा प्रोग्राम स्वतःच्या साध्या खात्याने नोंदी लिहीत असणार. अशा विभागावर आयपी-अप आणि चॅप-सीक्रेट्स नेले आणि परवानग्यांत थोडी जरी ढिलाई राहिली, तर त्या खात्याला, किंवा त्या प्रोग्राममधल्या एखाद्या भोकातून आत शिरलेल्या कोणालाही, पुढच्या जोडणीच्या क्षणी रूट होता येईल. वरची डिरेक्टरी त्या खात्याच्या मालकीची असेल तर आतली फाईल रूटची असून काहीच उपयोग नाही, कारण डिरेक्टरीचे नाव बदलून त्या जागी दुसरी ठेवता येते. फक्त-वाचनीय विभाग कार्ड वाचवण्यासाठी केला असला तरी त्याने या फाईलींनाही आयते कुलूप घातलेले आहे. ते आपण होऊन काढू नये.

म्हणून मी या फाईलींकडे कोण लिहितो या दृष्टीने पाहतो. ऑप्शन्स, पीअर्स, दोन्ही सीक्रेट्स फाईली आणि सर्व स्क्रिप्टा माणूस लिहितो, क्वचित लिहितो आणि डीमन केवळ वाचतो. त्या फक्त-वाचनीय विभागावर सुखाने राहतात. डीमन स्वतः लिहितो अशा गोष्टी अगदी थोड्या आहेत: रिझॉल्व्ह.कॉन्फ, कनेक्ट-एरर्स, पीआयडीच्या (चालू प्रोग्रामच्या क्रमांकाच्या) फाईली, सीरियल पोर्टची लॉक फाईल, आणि मल्टीलिंकसाठी (अनेक जोडण्या एकत्र वापरण्यासाठी) असलेला पीपीपीडी२.टीडीबी हा लहानसा डेटाबेस. यांतील शेवटच्या तीन तशाही /व्हार/रन आणि /व्हार/लॉक मध्ये जातात, आणि आजच्या बहुतेक लिनक्समध्ये त्या जागा मेमरीतल्या /रन कडेच वळवलेल्या असतात. अडचण उरते ती पहिल्या दोघांची, कारण परंपरेने त्या दोन्ही /ईटीसी/पीपीपी मध्येच लिहिल्या जातात. ज्या काळी /ईटीसी लिहिण्याजोगी असणे गृहीत धरले जात असे त्या काळची ही सवय आहे. डेबियनने कनेक्ट-एरर्सपुरती ती मोडली असून त्यांच्या पॅकेजमध्ये ती फाईल /व्हार/लॉग मध्ये पीपीपी-कनेक्ट-एरर्स या नावाने जाते.

रिझॉल्व्ह.कॉन्फचे गणित असे आहे. यूजपीअरडीएनएस हा पर्याय दिला की पीपीपीडी समोरच्याकडून एक किंवा दोन नेमसर्व्हरचे पत्ते मागतो, ते डीएनएस१ आणि डीएनएस२ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलांतून आयपी-अपला देतो, आणि शिवाय /ईटीसी/पीपीपी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मध्ये लिहितो. ती फाईल उघडता आली नाही तर लॉगमध्ये एक ओळ उमटते आणि जोडणी मात्र तशीच चालू राहते. पिंग जातो आणि नाव सापडत नाही हे आपले लक्षण नेमके यातूनच आलेले आहे. यावर उपाय म्हणजे मूळ विभाग एकदा लिहिण्याजोगा करून /ईटीसी/पीपीपी/रिझॉल्व्ह.कॉन्फ हा /रन/पीपीपी/रिझॉल्व्ह.कॉन्फ कडे जाणारा सिम्लिंक करावा, आणि /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ हाही त्याच फाईलीकडे वळवावा. पीपीपीडी ती फाईल साध्या लेखनासाठी उघडतो, त्यामुळे लिंकच्या टोकाला फाईल नसली तरी ती तयार होते. मात्र टोकाची डिरेक्टरी अस्तित्वात असलीच पाहिजे. /रन मेमरीत असल्यामुळे प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना /रन/पीपीपी ही डिरेक्टरी रूटच्या मालकीने तयार करावी लागते. यंत्र सुरू करणारी व्यवस्था सिस्टमडी असेल तर टीएमपीफाईल्सच्या नियमात एक ओळ, नसेल तर सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ पुरते. ही ओळ विसरली की सिम्लिंक बरोबर असूनही लक्षण जसेच्या तसे राहते आणि माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

कनेक्ट-एरर्सलाही हाच उपाय लागू आहे. कनेक्ट पर्यायात दिलेल्या प्रोग्रामचे, म्हणजे बहुधा मोडेमला आज्ञा देणाऱ्या चॅटचे, स्टँडर्ड एरर (त्रुटीसंदेशांचा प्रवाह) तेथे जाते. ती फाईल उघडता आली नाही तरी चॅट चालतोच, फक्त त्याचे बोलणे हवेत विरते. दुसरी वाट अशी की पीअर्समधल्या फाईलीत लॉगफाईल हा पर्याय द्यावा. मग डीमनचे संदेश आणि चॅटची कुरकुर एकाच फाईलीत येतात आणि कनेक्ट-एरर्स लागतच नाही. आपल्यासारख्या निर्जन ठिकाणच्या पेटीसाठी मी हीच वाट निवडतो आणि ती फाईल /डेटा वर ठेवतो, कारण वीज गेल्यानंतरही मागचा प्रकार वाचता येतो. /डेटा वर न्यावीशी वाटणारी एवढी एकच गोष्ट. तेथेही एक पथ्य आहे: चॅट स्क्रिप्टमध्ये पासवर्ड असेल तर त्याच्या आधी बॅकस्लॅश आणि क्यू हे चिन्ह घालावे, म्हणजे सिसलॉगमध्ये (यंत्राच्या सामाईक नोंदवहीत) त्या जागी केवळ प्रश्नचिन्हे उमटतात.

चॅट स्क्रिप्टचा स्वतःचा मार्ग बायनरीत कोठेही नसतो. तो कनेक्टच्या ओळीत आपणच देतो आणि डेबियनवर त्यासाठी /ईटीसी/चॅटस्क्रिप्ट्स ही जागा रूढ आहे. पण कनेक्टचा प्रोग्राम रूट म्हणून चालत नाही, आज्ञा देणाऱ्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतो, हे अनेकांच्या ध्यानात नसते. चॅट स्क्रिप्ट फक्त रूटला वाचता येईल अशी ठेवली आणि डायल साध्या खात्याने केले, तर पीपीपीडी सुरू होतो आणि कनेक्ट स्क्रिप्ट फसली एवढेच सांगून थांबतो. गटाला वाचनाची परवानगी द्यावी, जगाला देऊ नये.

आता वाचनाच्या क्रमाविषयी, कारण मार्ग बदलूनही परिणाम दिसत नाही अशा तक्रारींचे मूळ अनेकदा येथे असते. प्रथम /ईटीसी/पीपीपी/ऑप्शन्स वाचली जाते, नंतर वापरकर्त्याच्या घरातली टिंबाने सुरू होणारी पीपीपीआरसी, मग कमांड लाईन, आणि पोर्ट कोणता ते कळल्यानंतर ऑप्शन्स.टीटीवायएस० सारखी त्या पोर्टची खास फाईल. या शेवटच्या नावात सुरुवातीचे /डेव्ह/ गळते आणि पुढे तिरप्या रेघा असतील तर त्यांची टिंबे होतात. यूएसबी मोडेमसाठी युडेव्हने (उपकरणांना नावे देणाऱ्या व्यवस्थेने) दिलेले, उपडिरेक्टरीतले नाव वापरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आणखी एक बारकावा असा की रूटने चालवले तर ऑप्शन्स ही फाईल नसली तरी चालते, पण साध्या वापरकर्त्याने चालवले तर ती असावीच लागते, रिकामी का होईना. रूट म्हणून चाचणी यशस्वी आणि सेवेच्या खात्याने चालवताच माघार, असे दिसले तर प्रथम ही फाईल आहे का ते पाहावे.

तरीही काही जणांना मार्ग खरोखरच बदलावे लागतात. एखादे उपकरण संपूर्णपणे स्वतः घडवणाऱ्याला, किंवा एकाच यंत्रावर दोन वेगळ्या रचना तपासणाऱ्याला, ती गरज असते. २.४ मालिकेत बहुतेक मार्गांच्या आधी _रूट_पाथ हा मॅक्रो जोडलेला आहे आणि तो मुळात रिकामा असतो. मेक या बांधणीच्या आज्ञेला सीऑप्ट्समधून त्याची किंमत दिली की ती अक्षरे अशा प्रत्येक मार्गाच्या सुरुवातीला चिकटतात. सी भाषेत शेजारी लिहिलेल्या दोन स्ट्रिंग आपोआप जोडल्या जातात, त्याचाच हा उपयोग आहे. किंमत अवतरण चिन्हांसह कंपाईलरपर्यंत पोहोचली पाहिजे, म्हणून त्या चिन्हांआधी बॅकस्लॅश द्यावा, नाही तर शेल ती गिळतो आणि कंपाईलर भलतीच तक्रार करतो. याच मालिकेतला दुसरा खड्डा डेस्टडिर या शब्दाचा. अन्यत्र हा शब्द पॅकेज बांधण्याची तात्पुरती जागा दाखवतो. येथे मात्र तो प्रीफिक्स (प्रोग्राम बसवण्याची मूळ डिरेक्टरी) या अर्थाने वापरलेला आहे आणि प्लगिनचा मार्ग त्याच्यावरूनच बायनरीत कोरला जातो. तात्पुरत्या जागेसाठी या मालिकेत इन्स्टरूट हा शब्द आहे.

मार्च २०२३ मध्ये आलेल्या २.५.० या आवृत्तीने बांधणीची पद्धत ऑटोकॉन्फ आणि ऑटोमेक या बांधणीच्या साधनांवर नेली, मॅक्रोंची नावे पीपीपी_पाथ या उपसर्गाने सुरू होऊ लागली, आणि मार्ग ठरवण्याचे काम कॉन्फिगरच्या नेहमीच्या पर्यायांकडे आले: सिसकॉन्फडिर, लोकलस्टेटडिर, रनस्टेटडिर, आणि प्लगिन, लॉग व रनटाईम डिरेक्टरींसाठी विथने सुरू होणारे वेगळे पर्याय. हे पुष्कळ स्वच्छ आहे. मात्र ऑटोकॉन्फचा सर्वसाधारण नियम असा की सिसकॉन्फडिर सांगितले नाही तर ते प्रीफिक्सखाली, म्हणजे /यूएसआर/लोकल/ईटीसी असे धरले जाते. जुन्या सवयीने काही न सांगता बांधणाऱ्याने नवी बायनरी /ईटीसी/पीपीपी कडे ढुंकूनही पाहत नाही असे दिसले तर नवल मानू नये. मी सिसकॉन्फडिर /ईटीसी, लोकलस्टेटडिर /व्हार आणि रनस्टेटडिर /रन असे तिन्ही नेहमी स्पष्ट लिहितो. पीआयडी फाईल शोधून जोडणी जिवंत आहे का ते पाहणारी स्क्रिप्ट आपल्याकडे असेल, तर नव्या बांधणीत ती फाईल नेमकी कोठे पडते ते प्रत्यक्ष पाहून स्क्रिप्टमध्ये घालावे.

बायनरीत काय आहे ते अंदाजाने ठरवू नये. स्ट्रिंग्ज या आज्ञेला पीपीपीडीची फाईल द्यावी आणि पीपीपी हा शब्द असलेल्या ओळी गाळून पाहाव्यात; सगळे मार्ग समोर येतात. पर्याय कोणत्या फाईलीतून आले ते पाहण्यासाठी ड्रायरन हा पर्याय उत्तम आहे: कॉल आणि नाव यांच्यापुढे तो लिहिला की डीमन सर्व फाईली वाचतो, लागू झालेला प्रत्येक पर्याय आणि तो कोठून आला ते छापतो आणि जोडणी न करता थांबतो. पंपघरात उभे राहून मोडेमचा बॅलन्स न जाळता हे करता येते. पीपीपीडी कोणत्या फाईली उघडतो ते स्ट्रेस या साधनाने पाहायचे असेल तर ते रूट म्हणूनच करावे, कारण साध्या खात्याने स्ट्रेस लावला की सेटयूआयडीचा अधिकार गळतो आणि दिसणारे चित्र खोटे असते.

मी स्वतः एकदा आपण करू पाहता तेच केले होते. २.४ मालिकेतला पीपीपीडी _रूट_पाथ बदलून बांधला, सर्व फाईली दुसऱ्या विभागावर नेल्या, आणि सुमारे दोन वर्षे सारे सुरळीत चालले. नंतर सुरक्षेच्या सुधारणा घेताना वितरणाच्या पॅकेजने माझी बायनरी बदलून टाकली. नव्या बायनरीने निमूटपणे /ईटीसी/पीपीपी उघडले, तेथे मी कधीकाळी विसरलेली चॅप-सीक्रेट्स तिला सापडली, आणि जुन्या पासवर्डने तिची ओळख नाकारली जाऊ लागली. फाईलच सापडली नसती तर लॉगमध्ये निदान तसे दिसले असते. चुकीची फाईल सापडल्यामुळे आम्ही पुरवठादाराशी वाद घालत बसलो, आणि शेवटी इंदूरच्या जेल रोडवरून नवा मोडेम विकत घेऊन घाट उतरून त्या यंत्रापर्यंत गेलो. मोडेममध्ये काहीच दोष नव्हता. सुधारणा थांबवणे हाही यावरचा मार्ग नव्हे, २.४.२ ते २.४.८ या आवृत्त्यांत ईएपी या ओळख पटवण्याच्या पद्धतीच्या हाताळणीतला गंभीर दोष २०२० मध्ये उघड झाला होता, आणि हाताने बांधलेली बायनरी असणाऱ्यांकडेच तो सर्वांत जास्त काळ राहून गेला असणार. सिम्लिंक मात्र पॅकेज बदलले तरी जागेवर राहतात, आणि त्यांना हात लागलाच तर एलएसच्या एका आज्ञेत दिसते.

स्क्रिप्टांविषयी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. आयपी-अप ही फाईल नसेल तर पीपीपीडी काहीही न बोलता पुढे जातो. असून तिला चालवण्याची परवानगी नसेल तर लॉगमध्ये इशारा देतो. म्हणजे शांतता असेल तर मार्ग चुकला आहे आणि इशारा असेल तर परवानगी चुकली आहे. शिवाय या स्क्रिप्टला जवळजवळ रिकामे एन्व्हायर्न्मेंट मिळते आणि तिचे आउटपुट /डेव्ह/नल मध्ये जाते, म्हणून आत पाथ हे व्हेरिएबल स्वतः ठरवावे आणि नोंद हवी असेल तर लॉगरने घ्यावी. डेबियनवर आयपी-अप पुढे आयपी-अप.डी मधल्या फाईली रन-पार्ट्सने चालवते, आणि रन-पार्ट्स नावात टिंब असलेली फाईल सोडून देते. १०राउट.एसएच अशा नावाची फाईल तेथे ठेवून ती का चालत नाही हे शोधण्यात गेलेल्या संध्याकाळी मोजल्या तर बऱ्याच भरतील.

सीक्रेट्स फाईलींवर गटाला किंवा जगाला वाचनाची परवानगी असेल तर पीपीपीडी इशारा देतो. पासवर्ड वरचेवर बदलत असेल आणि तेवढ्यासाठी मूळ विभाग दर वेळी उघडणे नको वाटत असेल, तर चॅप-सीक्रेट्समध्ये पासवर्डच्या जागी @ चिन्ह आणि त्यापुढे फाईलीचा पूर्ण मार्ग लिहिता येतो. मग पासवर्ड त्या फाईलीतून वाचला जातो. ती फाईल मात्र रूटच्याच मालकीच्या डिरेक्टरीत असावी, म्हणजे मोजमापाच्या खात्याला तिच्याजवळ फिरकता येणार नाही.

राहता राहिली लॉक फाईल. लॉक हा पर्याय दिल्यावर पीपीपीडी /व्हार/लॉक मध्ये एलसीके.. या अक्षरांनी सुरू होणारी फाईल टाकतो, आणि मिनिकॉमसारखे प्रोग्रामही तीच फाईल पाहून पोर्ट मोकळा आहे की नाही ते ठरवतात. हा मार्ग कोणत्याही कारणाने एकट्या पीपीपीडीपुरता बदलू नये. आपल्या पेटीवर /व्हार/लॉक हे /रन/लॉक कडे वळलेले आहे ना, आणि तेथे लिहिता येते ना, एवढे पाहून घ्यावे. नाही तर पुढच्या भेटीत कोणी मिनिकॉम उघडून मोडेमशी बोलू लागेल, त्याच क्षणी पीपीपीडी त्याच पोर्टवर डायल करू लागेल, आणि दोघांनाही अर्धी-अर्धी अक्षरे मिळतील.